शेरीफ, शरीफ आणि नगरपाल

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या नगरपालाला इंग्रजीत 'शेरीफ' म्हणतात. हा शब्द मुळात अरबी 'शरीफ' असून क्रुसेडच्या लढायांत, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती-मुस्लिम धर्मयुद्धांत, इंग्रजांनी तो तिकडून उचलला, असा मजकूर फिरतो आहे. तो खरा का? आणि खरा नसेल, तर रॉबिन हूडच्या गोष्टीतला खलनायक, अमेरिकेतला छातीवर तारा लावलेला अधिकारी आणि मुंबईचे शेरीफ झालेले आपले दिलीपकुमार, या तिघांना एकच पदवी मिळाली कशी?

इंग्रजी भाषेचा इतिहास शिकवणे हा माझा व्यवसाय आणि कोर्टाच्या कागदांची भाषांतरे करणे हा जोडधंदा. हा शब्द मला दोन्हीकडे भेटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी निकाल सांगतो. 'शेरीफ'चा अरबीशी काहीही संबंध नाही. तो अस्सल जुना इंग्रजी शब्द आहे आणि दोन शब्दांच्या समासातून झालेला आहे. पहिला 'शीर', म्हणजे आजचे 'शायर': यॉर्कशर, हॅम्पशर यांतला शेपटाचा भाग. दुसरा 'गेरेफा', म्हणजे राजाचा किंवा धन्याचा कारभारी. आजच्या इंग्रजीत तो 'रीव्ह' या रूपात उरला आहे. शायरचा रीव्ह तो शेरीफ. परगण्याचा राजकारभारी म्हणा.

आता पुरावा. शब्दांच्या कुळकथेत कानाला काय सारखे लागते याला मी शेवटचा नंबर देतो. पहिला प्रश्न तारखेचा. पहिले क्रुसेड पुकारले गेले १०९५ साली. त्याआधीच्या इंग्रजी लिखाणात हा शब्द सापडला तर फिरणारा मजकूर तिथेच निकालात निघतो. आणि तो सापडतो, तोही एका घरगुती भांडणाच्या कागदात.

इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्सच्या सीमेलगत हेरफर्डशर आहे. क्नूट राजाच्या कारकिर्दीत, म्हणजे १०१६ ते १०३५ या दरम्यान, तिथल्या परगण्याची सभा एगेलनोथच्या दगडापाशी भरली. बिशप होता, एल्डरमन म्हणजे राजाचा प्रांताधिकारी होता, भागातले जमीनदार होते. एडविन नावाचा एक जण उभा राहिला आणि त्याने जमिनीच्या तुकड्यावर दावा सांगितला. दावा कुणाविरुद्ध, तर स्वतःच्या आईविरुद्ध. बिशपने विचारले, आईच्या वतीने कोण बोलणार? थर्किल म्हणाला, मी बोलेन, पण तिची बाजू मला ठाऊक नाही. मग सभेने तीन जमीनदारांना घोड्यावरून तिच्याकडे पाठवले. बाई मुलावर भयंकर संतापली. त्याच्या हक्काची माझ्याकडे एक तसूभर जमीन नाही, असे तिने सांगितले. शेजारी बसलेल्या आपल्या नातेवाईक बाईला, म्हणजे थर्किलच्या बायकोला, तिने माझ्यामागे माझी जमीन, माझे सोने, माझे कपडे, जे काही आहे ते सगळे हिचे, असे म्हणून टाकले आणि निरोप्यांना बजावले की हे सभेत सगळ्यांसमोर जाऊन सांगा. त्यांनी सांगितले. सभेने मान्य केले. थर्किल तडक हेरफर्डच्या मठात गेला आणि त्याने ही हकीकत तिथल्या बायबलच्या पोथीत लिहून घेतली. मुलाच्या हाती काही लागले नाही.

ती पोथी आजही हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये आहे. सभेला हजर असलेल्यांच्या यादीत एक नाव आहे: 'ब्र्युनिंग शीरगेरेफा'. शेरीफ ब्र्युनिंग. पहिले क्रुसेड निघायच्या किमान साठ वर्षे आधीचा हा माणूस.

एखादा हुशार वाचक इथे म्हणेल की क्रुसेडच्या आधीही इंग्लंडचा अरब जगाशी संबंध असेलच की. होता. मध्य इंग्लंडातल्या मर्सियाचा राजा ऑफा याने पाडलेले सोन्याचे एक नाणे ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते अब्बासी खलिफाच्या हिजरी १५७ मधल्या, म्हणजे इसवी सन ७७४ च्या आसपासच्या, दिनाराची नक्कल आहे. त्यावर अरबी मजकूर आहे आणि मधोमध रोमन लिपीत राजाचे नाव. पण राजाचे नाव सरळ धरले की अरबी अक्षरे उलटी येतात. नाणे पाडणाऱ्याला ती अक्षरे म्हणजे नक्षी वाटली असावी. ज्या राज्यात अरबी अक्षराची वरची बाजू कुठली हे टांकसाळीत ठाऊक नव्हते, तिथून एक अरबी पदवी थेट खेडोपाडीच्या सभांत जाऊन बसली, हे मला पटत नाही. शिवाय पटवून घ्यायची गरजही नाही, कारण समासाचे दोन्ही तुकडे जुन्या इंग्रजीत सुटे-सुटे, शेकडो ठिकाणी सापडतात.

आता 'शीरगेरेफा'चे 'शेरीफ' झाले कसे ते पाहू. हा भाग वर्गात मी नेहमी फळ्यावर करतो, कारण यात मुलांना एकाच शब्दात चार नियम दिसतात.

जुन्या इंग्रजीत पहिला तुकडा लिहिताना 'स' आणि 'क' ही अक्षरे जोडून लिहीत, पण उच्चार 'श' होत असे. 'स्किप' लिहायचे आणि शिप वाचायचे, 'फिस्क' लिहायचे आणि फिश वाचायचे, भाषेचे नाव 'इंग्लिस्क' लिहायचे आणि इंग्लिश वाचायचे. म्हणून 'स्कीर' म्हणजे शीर.

दुसऱ्या तुकड्यातला 'गे' हा उपसर्ग. तिथला 'ग' तोंडात 'य' सारखा होता आणि पुढे घासून-घासून नुसता 'इ' उरला. याची सुंदर निशाणी आजच्या 'हँडीवर्क' या शब्दात आहे. 'हँड'नंतर मध्येच 'ई' कुठून आली असे विचारा. ती जुन्या 'गेवेओर्क'मधल्या 'गे'ची राख आहे. आणि ही झीज नेमकी केव्हा चालू होती याचा लेखी दाखलाही आहे. विल्यम द कॉन्कररने इंग्लंड जिंकल्यावर, बहुधा १०६७ साली, लंडनकरांना एक पत्र दिले. वीतभर लांबीची चामड्याची पट्टी, त्यावर इंग्रजीत मोजक्या ओळी: राजा विल्यम बिशप विल्यमला, बंदररीव्ह गॉसफ्रेथला आणि लंडनच्या सगळ्या रहिवाशांना नमस्कार सांगतो, वगैरे. तिथे 'बंदररीव्ह' हा शब्द 'पोर्टगेरेफा' असा न लिहिता 'पोर्टिरेफा' या वळणाने लिहिला आहे. कारकुनाच्या कानाला 'गे' ऐकूच येत नव्हता, त्याने 'इ' लिहून टाकला.

तिसरी गोष्ट, दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'फ' हा 'व्ह' उच्चारला जाई. म्हणून 'गेरेफा'चे रीव्ह. समासात शेवटचा स्वर गळाला, 'व्ह' टोकाला आला आणि तिथे तो पुन्हा 'फ' झाला. पण सगळीकडे नाही: शेरीफच्या पदाला इंग्लंडात आजही 'श्रीव्हल्टी' म्हणतात, आणि 'श्रीव्ह' ही आडनावेही आहेत. तिथे 'व्ह' शाबूत आहे.

चौथी, समास लांबला की पहिला दीर्घ स्वर आखूड होतो. 'वाइज' पण 'विज्डम', 'हाउस' पण 'हजबंड'. तसा 'शायर' पण 'शेरीफ'. सुटा शब्द लांब राहिला, समासातला आखडला. अरबी 'शरीफ' आणून या चारांपैकी एकाही गोष्टीचा उलगडा होत नाही.

अर्थाकडे वळतो. 'शीर' म्हणजे मुळात भूभाग नव्हे. मूळ अर्थ 'सोपवलेले काम, जबाबदारी'. मग ज्याच्याकडे जबाबदारी त्याच्या ताब्यातला प्रदेश, असा अर्थ सरकला. काही पुस्तकांत शायर म्हणजे 'कापून काढलेला तुकडा' असे दिलेले असते, 'शेअर' आणि 'शिअर' या शब्दांशी नाते जोडून. ते नाते आता कुणी फारसे मानत नाही.

'गेरेफा'चे मूळ मात्र वादातले आहे. जर्मन 'ग्राफ', म्हणजे उमराव, याच्याशी त्याचे नाते लावायचा मोह पुष्कळांना झाला. ध्वनींचा हिशेब जुळत नाही म्हणून बहुतेक अभ्यासक ते नाकारतात. एक मत असे की जुन्या इंग्रजीत 'रोफ' हा गणती किंवा जमाव या अर्थाचा शब्द होता, त्यावरून गणती ठेवणारा तो गेरेफा. मला हे मत आवडते, पण आवडणे हा पुरावा नव्हे.

मूळ काहीही असो, हा माणूस काय करी ते आपल्याला नीट ठाऊक आहे, कारण जुन्या इंग्रजीत 'गेरेफा' याच नावाचे एक छोटे प्रकरण आहे. जहागिरीवरच्या चांगल्या कारभाऱ्याने कोणत्या ऋतूत काय करावे आणि वाड्यावर कोणकोणती अवजारे ठेवावीत याची ती जंत्री. कुऱ्हाड, विळा, नांगराचे सामान, टकळ्या, कढया, चाळण्या, टोपल्या, मधमाश्यांची पोळी ठेवायची भांडी, अशी यादी लांबत जाते. शेवटी लेखक म्हणतो की खऱ्या कारभाऱ्याने काहीही विसरता कामा नये. उंदराचा पिंजरासुद्धा नाही, आणि त्याहून लहान, कडीत घालायची खुंटीसुद्धा नाही. असले प्रकरण जो लिहितो त्याने आयुष्यात एकदा तरी ऐन वेळी खुंटी शोधलेली असणार.

म्हणजे गेरेफा हा शब्द वर-खाली कुठेही लागे. जहागिरीवरचा तो गेरेफा, बंदरावरचा तो पोर्टगेरेफा, आणि अख्ख्या परगण्यात राजाचे हित पाहणारा तो शीरगेरेफा. यांतल्या एका गेरेफाचा मृत्यू इंग्लंडच्या इतिहासात फार गाजलेला आहे. ७८९ साल, वेसेक्सचे राज्य, डॉर्सेटचा किनारा. उत्तरेकडच्या लोकांची तीन जहाजे येऊन लागली. तिथला गेरेफा घोड्यावर बसून किनाऱ्याकडे गेला. एका बखरीत त्याचे नाव बेआदुहेअर्ड दिले आहे. त्याला वाटले व्यापारी आहेत, राजाच्या गावी नेऊन नोंद करू. त्याने त्यांना दरडावून तिकडे वळवायचा प्रयत्न केला आणि त्यांनी त्याला तिथेच कापून काढला. व्हायकिंगांचा इंग्लंडवरचा पहिला नोंदलेला हल्ला तो हाच. जहाजावर जाऊन 'चला, आमच्या दरबारात हजर व्हा' असे सांगणे हे या पदाचे काम किती जुने आहे, ते लक्षात ठेवा. मुंबईत ते परत येणार आहे.

दहाव्या शतकात एडगर राजाच्या कायद्याने परगण्याची सभा वर्षातून दोनदा भरवायची असे ठरले, आणि तिथे बिशप व एल्डरमन यांनी बसायचे. पण एल्डरमनकडे पुढेपुढे अनेक परगणे असत, तो मोठा माणूस, त्याचे लक्ष राजकारणात. रोजचे काम, म्हणजे राजाचा वसूल, दंड, समन्स, लष्कराची जमवाजमव, हे शीरगेरेफाच्या गळ्यात पडले. ज्याच्या हातात वसूल त्याच्या हातात सत्ता, हे वेगळे सांगायला नको.

१०६६ नंतर नॉर्मन आले आणि सरकारी लिखाण लॅटिनमध्ये गेले. लॅटिन कागदांत शेरीफला 'व्हिचेकोमेस' म्हणू लागले, म्हणजे काउंटचा नायब. त्याच शब्दाचा फ्रेंच अवतार आजचा 'व्हायकाउंट'. खरे तर जुना इंग्रजी शब्द इथे मरायला हवा होता. दरबारी, लष्करी, कायद्याचे कितीतरी जुने इंग्रजी शब्द याच काळात फ्रेंच शब्दांखाली गाडले गेले. पण कारकुनाने कागदावर काहीही लिहिले तरी वसुलीला दारात कोण आले आहे हे लोक त्यांच्याच शब्दात सांगत. माझ्या मते शब्द टिकला तो या भीतीमुळे.

आणि भीती खरी होती. शेरीफला परगण्याचा मक्ता असे. राजाला ठरलेली रक्कम भरायची, वर जे सुटेल ते आपले. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सेंट मायकेलच्या सणाला, त्याला राजाच्या हिशेबनिसांपुढे बसावे लागे. दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल, त्यावर चौकटींचे कापड, चौकटींत ठेवलेल्या सोंगट्यांनी बेरीज-वजाबाकी. या चौकटींच्या कापडावरून खात्याचे नाव पडले 'एक्सचेकर'. ते हिशेब गुंडाळ्यांवर उतरवून ठेवत; हाती आलेली सर्वांत जुनी गुंडाळी ११२९-३० सालची आहे. ११७० मध्ये दुसऱ्या हेन्रीने शेरीफांच्या लुबाडणुकीची चौकशी लावली आणि बहुतेकांना घरी पाठवले.

१२१५ चा मॅग्ना कार्टा वाचताना लोक मोठी तत्त्वे शोधतात. मला त्यातली शेरीफांवरची कलमे जास्त बोलकी वाटतात. शेरीफाने मालकाच्या परवानगीशिवाय त्याचे घोडे-गाड्या ओढून नेऊ नयेत. राजाच्या अखत्यारीतले गंभीर खटले शेरीफाने चालवू नयेत. ज्याला राज्याचा कायदा ठाऊक आहे अशालाच शेरीफ नेमावे. आणि पन्नासाव्या कलमात तर नावे घेऊन काही माणसांना हाकलण्याचे वचन राजाकडून घेतले आहे. त्यांतले एक नाव फिलिप मार्क. हा तेव्हा नॉटिंगहॅमशरचा शेरीफ होता. रॉबिन हूडच्या कथांतला शेरीफ म्हणजे हाच, असे ठामपणे म्हणता येत नाही. त्या कथांत शेरीफला नावच नाही. पण नॉटिंगहॅमच्या शेरीफबद्दल जनतेचे मत काय होते याची राजाच्या शिक्क्याची साक्ष आपल्याकडे आहे. गंमत म्हणजे कलम झाल्यावरही मार्क त्या जागेवर आणखी बरीच वर्षे टिकला.

पुढची कथा उताराची आहे. खटले न्यायाधीशांकडे गेले, शांतता राखणे जस्टिस ऑफ द पीसकडे, म्हणजे स्थानिक दंडाधिकाऱ्यांकडे, गेले, वसूल दुसऱ्या खात्यांकडे गेला. इंग्लंडातला 'हाय शेरीफ' आता मानाचा, एका वर्षाचा पदाधिकारी. त्याची निवड अजून चामड्याच्या यादीवर राजाने चांदीच्या टोच्याने नावापुढे भोक पाडून होते. पहिली एलिझाबेथ बागेत भरतकाम करत बसली होती, हाती लेखणी नव्हती म्हणून तिने सुईने टोचले, अशी आख्यायिका यावर सांगतात; टोचायची रीत तिच्या आधीचीच आहे. स्कॉटलंडमध्ये मात्र शेरीफ न्यायाच्या बाजूला सरकला, आणि आज तिथे शेरीफ म्हणजे चक्क न्यायाधीश. अमेरिकेत वसाहतकऱ्यांनी पद नेले, आणि बहुतेक राज्यांत त्याला लोकांनी निवडून द्यायचे केले. त्याच्याकडे काउंटीचा तुरुंग आणि पोलिसी अधिकार राहिले. वेस्टर्न चित्रपटात शेरीफ गावकऱ्यांची जी घोडदौड काढतो ती 'पॉसी', म्हणजे 'पॉसे कॉमिटाटस', परगण्याचे बळ. गुन्हेगारामागे परगण्यातल्या धडधाकट पुरुषांना हाक मारण्याचा शेरीफचा जुना इंग्रजी हक्क तो हाच.

आता मुंबई. १७२६ साली पहिल्या जॉर्ज राजाच्या सनदेने मद्रास, मुंबई आणि कलकत्ता इथे मेयर्स कोर्ट स्थापन झाले: एक मेयर, नऊ आल्डरमन, आणि कोर्टाचे हुकूम बजावायला एक शेरीफ. जरा थांबून पाहा. आल्डरमन म्हणजे तोच जुना एल्डरमन. हेरफर्डशरच्या त्या दगडापाशी जे दोन हुद्दे शेजारी-शेजारी बसले होते, ते सातशे वर्षांनी मुंबई बेटावर पुन्हा एकत्र आले. मेयर्स कोर्ट गेले. पुढे रेकॉर्डर्स कोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, मग १८६२ मध्ये हायकोर्ट आले. शेरीफ प्रत्येक वेळी पुढच्या कोर्टाच्या सामानाबरोबर हलवला गेला, कारण निकाल कुणीही देवो, तो बजावायला माणूस लागतोच.

या पदाची काळी बाजूही होती. ५ ऑगस्ट १७७५ रोजी कलकत्त्यात महाराजा नंदकुमारांना फाशी झाली. ती अमलात आणण्याची जबाबदारी शेरीफची होती. त्या वर्षी शेरीफ होते अलेक्झांडर मॅक्रेबी. आदल्या संध्याकाळची भेट आणि दुसऱ्या दिवशीचा प्रसंग त्यांनी लिहून ठेवला आहे, आणि नंदकुमारांच्या शांतपणाने ते स्वतः किती हलले ते त्यात दिसते.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या शेरीफला एक नवीनच काम लागले. शहरातल्या प्रतिष्ठितांनी सह्या करून अर्ज द्यायचा, आणि शेरीफने टाउन हॉलात जाहीर सभा बोलवायची. शोकसभा असो, अभिनंदन असो की निषेध. महापालिकेचा नीट जम बसण्याआधी 'शहराचे मत' असे काही असेल तर ते या सभेत ठरे. त्यामुळे पद मानाचे झाले आणि हिंदी माणसांकडेही आले. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ होते; भायखळ्याच्या संग्रहालयाला ज्यांचे नाव आहे तेच. स्वातंत्र्यानंतर ही मानाची परंपराच पुढे चालली. दिलीपकुमार १९८० मध्ये शेरीफ झाले. सुनील दत्त, सुनील गावस्कर हेही होऊन गेले. मराठीत पदाचे नाव 'नगरपाल'. लोक त्याचा महापौर आणि नगराध्यक्षाशी घोटाळा करतात. नगरपालाला कुणी निवडून देत नाही. नेमणूक राज्य सरकारकडून होते, मुदत वर्षाची, पक्षाशी संबंध नाही.

पण नगरपाल म्हणजे नुसता हार-तुऱ्यांचा धनी, असे समजू नका. त्याच्या नावाचे एक कार्यालय आहे, आणि हायकोर्टाच्या मूळ शाखेचे (जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात) समन्स, जप्ती, लिलाव ते बजावते. त्यातले सर्वांत नाट्यमय काम जहाजाला अटक करण्याचे. परदेशी जहाजाने तेलाचे पैसे बुडवले, खलाशांचा पगार थकवला, दुसऱ्या जहाजाला धडक दिली, तर दावा जहाजावरच लावता येतो. जणू जहाज हाच प्रतिवादी. आता यासाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. हायकोर्टाने अटकेचे वॉरंट काढले की नगरपालाच्या कार्यालयातला बेलिफ लाँचने किंवा गोदीतून जहाजावर चढतो. जुन्या नियमाची भाषा अशी: वॉरंटची मूळ प्रत थोडा वेळ मुख्य डोलकाठीवर लावून दाखवायची, मग ती काढून तिच्या जागी खरी नक्कल चिकटवून यायचे. आजच्या मालवाहू जहाजाला डोलकाठी म्हणावी असे फारसे काही नसते, तेव्हा ब्रिजवर ठळक जागी नक्कल लागते आणि कप्तानाच्या हाती एक जाते. बंदर आणि कस्टमला कळवले जाते. त्यानंतर त्या पोलादी धुडाला बंदर सोडायची परवानगी मिळत नाही. मालकाने बँक हमी भरली तर सुटका. नाही भरली तर कोर्टाच्या हुकमाने नगरपाल जहाज विकतो, आणि आलेल्या पैशांतून अटकेचा आणि देखभालीचा त्याचा खर्च सगळ्यांच्या आधी वळता होतो. बेआदुहेअर्ड एकटा गेला होता. बेलिफ हायकोर्टाचा शिक्का घेऊन जातो, एवढा फरक.

राहिला 'शरीफ'. अरबीत श-र-फ या धातूचा अर्थ उंची, थोरवी. त्यावरून शरीफ, शराफत, तशरीफ, मुशर्रफ, आणि अशरफी हे नाणेसुद्धा. हे सगळे शब्द फारसीमार्गे आपल्याकडे आले. इंग्रजांनीही हा शब्द घेतला, पण वेगळा, आणि फार उशिरा: मक्केचा शरीफ, मोरोक्कोचे शरीफ यांच्याबद्दल लिहिताना. जुने इंग्रज लेखक त्याचे स्पेलिंग मनाला येईल तसे करत, कधी हुबेहूब आपल्या शेरीफसारखे. घोटाळ्याचे बी तिथे पडले असावे. 'सराफ' मात्र या घरातला नव्हे. त्याचा 'स' वेगळा, धातू वेगळा, अर्थ नाणी पारखून बदलून देणारा. आणि हाच 'सराफ' मुंबई-सुरतेच्या बाजारातून इंग्रजीत गेला तो 'श्रॉफ' होऊन. अरबीतून इंग्रजीत गेलेला आणि आपल्या गल्लीतून गेलेला शब्द कुणाला हवाच असेल तर तो हा घ्यावा. 'शिरस्तेदारा'चे नातेही काही जण शेरीफशी लावतात. तो फारसी 'सररिश्तेदार', दप्तर सांभाळणारा. त्याचाही संबंध नाही.

भाषांतर करणाऱ्यांसाठी जाता जाता. मुंबईच्या संदर्भात बेधडक 'नगरपाल' लिहा, सरकारी कागदांत तोच शब्द आहे. अमेरिकेच्या बातमीत 'शेरीफ'च ठेवा. तिथे 'नगरपाल' लिहिले तर वाचकाला फीत कापणारा पाहुणा डोळ्यांपुढे येईल, आणि बातमी गोळीबाराची असेल. स्कॉटलंडचा निकाल असेल तर 'शेरीफ कोर्टाचे न्यायाधीश' असे लिहा, नाहीतर पोलिसाने निकाल दिला असे वाटते. मध्ययुगीन इंग्लंडबद्दल लिहिताना 'शेरीफ' ठेवून पहिल्या वेळी 'परगण्याचा राजकारभारी' अशी फोड द्या. 'कोतवाल' टाळा. कोतवाल शहराचा असतो, आणि शेरीफचा घोडा सगळ्या परगण्याची धूळ खात हिंडायचा.